कर्बवायूचे न मांडलेले देणे

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलण्यासाठी नामदार गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले, तेव्हा सरकारची वही शिलकी होती. तिजोरीत पैसा उरतो आहे, त्या अर्थी देशाची भरभराट होत आहे, असा सरकारपक्षाचा दावा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांतून देश नुकताच कोठे बाहेर पडत होता; प्लेगाची साथ ओसरलेली नव्हती. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविलेल्या गोखल्यांनी सरकारच्या बेरजेत चूक काढली नाही. सरकारजवळ शिल्लक पडणे आणि रयतेची स्थिती सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. किंबहुना रयतेच्या हलाखीतही करांचा बोजा तसाच ठेवल्यामुळे ही शिल्लक दिसते आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. हिशेब बिनचूक असूनही दिशाभूल करणारा असू शकतो, हा धडा भारतीय सार्वजनिक जीवनाला त्या दिवशी मिळाला.

त्या भाषणाला आता सव्वाशे वर्षे होत आली. आज हिशेब मांडला जातो तो राष्ट्रीय उत्पन्नाचा. खाणीतून निघालेला कोळसा, त्यापासून झालेली वीज, त्या विजेवर चाललेला कारखाना हे सारे उत्पन्नाच्या बाजूस चढते. त्या ज्वलनातून जो कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, हवेत जातो आणि त्यामुळे शेती, मजुरी, आरोग्य व वस्त्या यांची जी हानी होते, ती मात्र त्या हिशेबात खर्च म्हणून कोठेही वजा होत नाही. उलट, गारपिटीने मोडलेल्या द्राक्षबागेची नवी उभारणी, आटलेल्या विहिरीशेजारी घेतलेली कूपनलिका, पुरात वाहून गेलेल्या पुलाच्या जागी बांधलेला दुसरा पूल, उकाड्यामुळे खपलेली वातानुकूलन यंत्रे, यांवर झालेला खर्च उत्पन्नातच जमा होतो. यंत्रांचा घसारा वजा करण्याची रीत अर्थशास्त्राने केव्हाच पत्करली. हवामानाचा घसारा वजा करण्याची रीत अद्याप रुळलेली नाही.

याचा अर्थ हे देणे थकले आहे असा नाही. ते दररोज फेडले जात आहे. ते कोण फेडतो आणि किती फेडतो, याची नोंद तेवढी होत नाही. आणि ज्या देण्याची नोंद नाही, त्याची वसुली नेहमी दुबळ्याकडूनच होते.

एकाच शहरातील दोन दप्तरे

या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंची दप्तरे पुणे शहरात असावीत, हा योगायोग लक्षणीय आहे. शिवाजीनगरच्या दगडी इमारतीला पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या ‘शिमला ऑफिस’ म्हणत आले आहेत, कारण भारतीय हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. १९४४ मध्ये ते दिल्लीला हलले; परंतु देशभरच्या हवामानाच्या नोंदी जतन करण्याचे काम पुण्यातच राहिले. १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्थाही याच शहरात स्थापन झाली. या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने सिद्ध झालेला भारतीय प्रदेशाच्या हवामानबदलाचा अहवाल केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तपमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे एक अंशाने तापला. आणि १९५० नंतरच्या पासष्ट वर्षांत मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले, असे तो अहवाल सांगतो.

यामागील कार्यकारणभाव गूढ नाही. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी हवेतील कर्बवायू आणि पृथ्वीचे तपमान यांचा संबंध १८९६ मध्येच गणिताने मांडला होता. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पावसाचे दिवस कमी होऊनही एकेका दिवसाचा पाऊस वाढू शकतो आणि एकाच तालुक्यात, एकाच हंगामात, आधी टँकर व नंतर होडी लागण्याची वेळ येते. हवेत गेलेल्या कर्बवायूचा मोठा अंश शतकानुशतके तेथेच राहतो; त्यामुळे हे देणे दरवर्षी नव्याने सुरू होत नाही, मागील बाकीवर चढत जाते.

दुसरे दप्तर अर्थशास्त्राचे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. कालव्याचा लाभ केवळ पाणीपट्टीच्या वसुलीने मोजायचा नसतो. पाण्यामागोमाग येणारे पीक, रोजगार, व्यापार आणि उद्योग हेही त्याचेच फळ असते, ही त्या पाहणीमागील दृष्टी होती. १९४९ मध्ये महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तेव्हा तिच्या अवघ्या तिघांत गाडगीळ एक होते. अप्रत्यक्ष लाभ मोजण्याची शिस्त या शहराने पाऊणशे वर्षांपूर्वी घालून दिली. अप्रत्यक्ष हानी मोजणे हे तिचेच दुसरे टोक होय.

एका टनाची किंमत

एकाच्या व्यवहारातून तिसऱ्याच माणसाचे नुकसान व्हावे आणि त्या नुकसानाची किंमत व्यवहारात कोठेही दिसू नये, या दोषाकडे केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये लक्ष वेधले होते. धुराड्याच्या धुराने शेजाऱ्यांचे नुकसान होत असेल, तर तेवढा कर धुराडे उभारणाऱ्यावर बसवावा, हा त्यांचा विचार पुढे सर्वमान्य झाला. त्याच विचारावर कर्बवायूच्या ‘सामाजिक किंमती’ची कल्पना उभी आहे. हवेत सोडलेल्या आणखी एका टनामुळे आज आणि पुढे मिळून जे नुकसान होईल, त्याचे आजच्या पैशात केलेले मोल म्हणजे ही किंमत. या मोजणीचा पाया घालणारे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या मोजणीत मतभेद होतात ते मुख्यतः एका प्रश्नावर. पन्नास वर्षांनंतरच्या नुकसानाला आज किती मोल द्यायचे? ज्याने भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब एकदा तरी मांडून पाहिला आहे, त्याला हा प्रश्न अपरिचित नाही. पन्नास वर्षांनी होणारे शंभर रुपयांचे नुकसान दर साल पाच टक्के दराने आजच्या पैशात आणले, तर ते जेमतेम नऊ रुपये भरते. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात सुमारे १.४ टक्के दर धरला होता. त्या दराने तेच नुकसान पन्नास रुपयांचे होते. नातवाच्या रुपयाला आजोबांनी किती मान द्यायचा, हा अखेर नीतीचा प्रश्न आहे. गणित त्या निर्णयाची अंमलबजावणी तेवढी करते.

आजवर ही किंमत बहुधा साऱ्या जगाचे नुकसान एकत्र धरून काढली जात असे. ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ती देशवार मांडली, आणि त्यातून भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. जगात कोठेही सोडलेल्या एका टन कर्बवायूमुळे सर्वाधिक नुकसान भारताचे होते. अभ्यासकांच्या मध्यम अंदाजानुसार ते टनामागे ८६ डॉलर भरते. अमेरिकेचे नुकसान ४८ आणि सौदी अरेबियाचे ४७ डॉलर. साऱ्या जगाचे नुकसान ४१७ डॉलर धरले, तर त्यातील पाचव्या हिश्शाहून अधिक एकट्या भारताच्या पदरी येते. अशा आकड्यांना अनिश्चिततेची मोठी किनार असते, हे अभ्यासकांनी लपविले नाही. भारताचा आकडा ४९ ते १५७ डॉलर यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. परंतु खालचा आकडा धरला तरी अमेरिका आणि सौदी अरेबिया यांचे मध्यम अंदाज त्याच्याखालीच राहतात.

८६ डॉलर म्हणजे त्या वर्षीच्या विनिमयदराने सुमारे ५,९०० रुपये. हा आकडा घरगुती भाषेत आणता येतो. भारतात विजेचे एक युनिट निर्माण होताना सरासरीने सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणजे बिलावर छापलेल्या दराखेरीज दर युनिटामागे आणखी चार रुपयांच्या आसपास देशाचे देणे लागू होते. ते बिलावर छापले जात नाही आणि वीज वापरणाऱ्याकडून वसूलही होत नाही.

फेडणारे कोण?

पहिला क्रमांक कोरडवाहू शेतकऱ्याचा. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत याचा हिशेब मांडला आहे. तपमान आणि पाऊस यांचे अंदाज खरे ठरले आणि शेतीच्या पद्धतीत बदल झाला नाही, तर शेतीचे उत्पन्न सरासरीने १५ ते १८ टक्क्यांनी आणि कोरडवाहू भागात २० ते २५ टक्क्यांनी घटेल, असे त्या पाहणीने म्हटले. महाराष्ट्रात पिकाखालील जमिनीपैकी सुमारे पाचवा हिस्साच ओलिताखाली येतो. म्हणजे सरासरीचा खालचा आकडा पंजाबाला लागू पडेल. पुरंदर, शिरूर, माण किंवा आष्टीला वरचाच लागू पडणार. त्यातच हंगामाची शिस्त मोडली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रात रब्बीची पिके व फळबागा उद्ध्वस्त केल्या. हातातोंडाशी आलेले पीक गेले की शेतकऱ्याचे केवळ उत्पन्न जात नाही. बी-बियाणे, खते आणि मजुरी यांत घातलेले कर्जही जाते, आणि पुढच्या वर्षीची पत जाते.

दुसरा क्रमांक उन्हात राबणाऱ्या मजुराचा. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. कारण भिंत पडत नाही की पीक झोपत नाही, फक्त काम मंदावते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे उष्णतेमुळे भारतात १९९५ मध्ये कामाचे ४.३ टक्के तास वाया गेले. २०३० मध्ये हे प्रमाण ५.८ टक्के, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके होईल. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या चलन व वित्तविषयक अहवालात तर असे नमूद आहे की, उष्णता व दमटपणा यांनी बुडणाऱ्या श्रमाच्या तासांमुळे २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेचार टक्क्यांपर्यंतचा भाग धोक्यात येऊ शकतो. २०१९ च्या एप्रिलअखेर शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला. शतकाहून अधिक काळात पुण्याने असे ऊन पाहिले नव्हते. त्या दुपारी कचेरीतील पंखे थोडे जोराने फिरले असतील. स्लॅबवर काम करणाऱ्या बिगाऱ्याला मात्र सावलीत बसावे तर रोज बुडतो आणि काम करावे तर प्रकृती. या दोहोंपैकी कोणतीही गोष्ट राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात ‘उष्णतेचे नुकसान’ म्हणून उमटत नाही.

तिसरा क्रमांक शहरांतील सखल वस्त्यांचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने पुण्याच्या दक्षिण भागात हाहाकार उडविला. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. या आपत्तीचा सारा दोष कर्बवायूच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओढ्याचे पात्र आक्रसले होते, काठ बांधकामांनी व्यापले होते, आणि ही चूक स्थानिकच होती. पण हवामानाची हानी होते ती याच रीतीने. जेथे व्यवस्था आधीच खिळखिळी असते, तेथे वाढलेला पाऊस शेवटचा धक्का देतो. ओढ्याकाठच्या कुटुंबाचे वाहून गेलेले शिलाई यंत्र, भिजलेली पुस्तके, बुडालेली रिक्षा यांची भरपाई सानुग्रह अनुदानाच्या धनादेशाने होत नाही. ती त्या कुटुंबाच्या पुढच्या पाच वर्षांच्या काटकसरीतून होते.

आणि कोळशावर चालणारे कारखानेही या देण्यातून सुटत नाहीत. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. नव्हते ते पाणी. त्या एका दुष्काळाचे कारण कर्बवायूच होता, असे म्हणता येणार नाही. परंतु तापलेल्या हवामानात अशा दुष्काळांचा धोका वाढतो, आणि तो कोणाला बाधतो याचे परळी हे बोलके उदाहरण आहे.

पगारपत्रकातील एक ओळ

निसर्गाच्या कोपाचा खर्च सर्वांनी मिळून उचलावा आणि तो उघडपणे वहीत लिहावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात गावोगावची माणसे खडी फोडण्यासाठी रस्त्यावर आली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. योजनेला पैसा हवा होता, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. शहरातील शिक्षक आणि कारकून यांच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची जी वजावट दिसते, तिचे मूळ या दुष्काळात आहे. ज्याच्या अंगावर पाऊस न पडल्याची झळ थेट येत नव्हती, त्यानेही खेड्यातील माणसाच्या हाताला काम मिळावे म्हणून आपल्या वेतनातील वाटा दिला. त्या काळी कुरकुर झाली, पण कायदा टिकला, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला तो आदर्शवत् ठरला.

या उदाहरणात तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. खर्चाला नाव होते, तो कोणाकडून घ्यावयाचा हे ठरले होते, आणि तो कोणासाठी खर्चावयाचा हेही कायद्याने बांधले होते. कर्बवायूच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी आजवर एकत्र आलेल्या नाहीत.

अधिभाराची कथा

प्रयत्न झाला नाही असे नाही. २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे पन्नास रुपये अधिभार बसविला. २०१४ मध्ये तो शंभर, २०१५ मध्ये दोनशे आणि २०१६ मध्ये चारशे रुपये झाला. जगातील फार थोड्या विकसनशील देशांनी तेव्हा असे पाऊल उचलले होते. एक टन भारतीय कोळसा जाळला की स्थूलमानाने दीड टन कर्बवायू निघतो. म्हणजे चारशे रुपयांच्या अधिभारात कर्बवायूच्या टनामागे पावणेतीनशे रुपयेही भरत नव्हते, आणि नुकसानाचा अंदाज ५,९०० रुपयांचा होता. देणे आणि वसुली यांत वीसपटीहून अधिक अंतर होते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे वसुलीचा विनियोग. अधिभाराची रक्कम स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी होती. तिचा मोठा भाग त्या कामी खर्च झालाच नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा पैसा राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये हा अधिभार रद्द झाला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर नेण्यात आला. वरवर पाहता एक कर गेला आणि दुसरा आला. तत्त्वतः मात्र बदल मोठा आहे. आधीचा अधिभार वजनावर होता, म्हणून धुराशी त्याचे काही नाते होते. आताचा कर किंमतीवर आहे. हलक्या प्रतीचा, राखेने भरलेला स्वस्त कोळसा जाळणाऱ्याला तो टनामागे कमी पडतो आणि चांगल्या कोळशाला जास्त. २०२४-२५ मध्ये देशातील कोळशाचे उत्पादन शंभर कोटी टनांच्या पलीकडे गेले. नेमक्या त्याच सुमारास त्याच्या धुराचा उल्लेख करांच्या यादीतून पुसला गेला, ही गोष्ट विसंगत म्हणावी लागेल.

दोन आक्षेप

या विवेचनावर पहिला आक्षेप असा येतो की, हवा बिघडविली पाश्चात्त्यांनी; तिची किंमत भारताने का मोजावी? आक्षेपातील वस्तुस्थिती निर्विवाद आहे. भारतीय माणूस वर्षाकाठी सुमारे दोन टन कर्बवायूस कारण होतो, अमेरिकी माणूस सुमारे चौदा टनांस. जगाच्या चालू उत्सर्जनात भारताचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि मागील दोन शतकांच्या साठ्यात तर तो याहून पुष्कळच कमी आहे. म्हणजे भारताच्या शेतात आणि वस्त्यांत होणाऱ्या हानीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हानी इतरांच्या धुराड्यांतून आली आहे. पण नेमके म्हणूनच हा हिशेब भारताने स्वतः मांडला पाहिजे. २०२२ मध्ये शर्म-अल-शेख येथील परिषदेत हानिपूर्तीच्या निधीचा निर्णय झाला. २०२४ मध्ये बाकू येथे श्रीमंत देशांच्या पुढाकाराने २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले, आणि ते अपुरे असल्याचे भारताने तेथेच ठणकावून सांगितले. दावा लावावयाचा तर दाव्याची रक्कम पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. दादाभाई नवरोजींनी संपत्तीच्या निचऱ्याचा सिद्धांत मांडला तो निव्वळ तक्रार करून नव्हे, तर आकडे मांडून.

शिवाय भारताने स्वतःच्या वाट्याचा विचार करणे हा जगावर उपकार ठरत नाही. इतर देशांचे नुकसान क्षणभर बाजूला ठेवले आणि केवळ स्वतःचेच धरले, तरी न जाळलेल्या प्रत्येक टनामागे भारताचे ८६ डॉलर वाचतात. एवढा लाभ अन्य कोणत्याही मोठ्या देशाच्या पदरी पडत नाही.

दुसरा आक्षेप गरिबांचा आहे. कोळसा महागला की वीज महागणार, वीज महागली की गिरणीतले दळणही महागणार. मग ज्याच्या नावाने हे सारे करायचे, तोच आधी भरडला जाणार. हा आक्षेप हलका नाही आणि त्याला शब्दांनी उत्तर देता येणार नाही. विनियोगानेच द्यावे लागेल. वातानुकूलित घराची वीज आणि दोन दिव्यांच्या घराची वीज यांना एक माप लावण्याची गरज नाही. अधिभाराचा पैसा कोरडवाहू शेतीचे पाणी, उन्हातील मजुराचा बुडालेला रोज आणि ओढ्याकाठच्या वस्त्यांचे पुनर्वसन यांकडे कायद्याने बांधून दिला, तर गरिबाला तो परत मिळतो. तसे न करता अधिभार पुन्हा सर्वसाधारण महसुलात मुरविला, तर आक्षेप घेणाराच खरा ठरेल.

तिसरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. युरोपीय संघाने लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट व खते यांच्या आयातीवर कर्बवायूच्या प्रमाणात शुल्क आकारण्याची व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून लागू केली. पोलादी बोल्टांसारख्या काही तयार वस्तूही तिच्यात येतात. म्हणजे भोसरी-चाकणच्या कारखानदारालाही तिच्याकडे पाठ फिरविता येणार नाही. माल जेथे तयार झाला तेथे कर्बवायूची किंमत भरलेली असेल, तर तेवढी सूट देण्याची तरतूद त्या व्यवस्थेत आहे. तेव्हा ही रक्कम ब्रुसेल्सच्या तिजोरीत जमा होऊ द्यायची की मराठवाड्यातील पाझर तलावांत, हे ठरविणे अजून दिल्लीच्या हाती आहे. २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कर्बवायूच्या पतपत्रांच्या बाजाराची योजना हे त्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. पण बाजाराने किंमत ठरवायची, तर नुकसानाचा आकडा समोर असल्याखेरीज ती किंमत स्वस्त की महाग, हे कोणाला कळणार?

नोंदीपासून सुरुवात

हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये भारत सरकारला सादर केला आहे. सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणाची आकडेवारीही प्रसिद्ध करीत आले आहे. उणीव आहे ती हे आकडे अंदाजपत्रकाच्या मुख्य पानावर आणण्याच्या इच्छेची. राज्य सरकारला यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. पीकविम्याची भरपाई, गारपिटीचे अनुदान, टँकरांचा खर्च, वाहून गेलेल्या रस्त्यांची दुरुस्ती, पूरग्रस्तांना दिलेली मदत हे सारे आकडे आज वेगवेगळ्या खात्यांच्या मागण्यांत विखुरलेले आहेत. ते दरवर्षी एका पुरवणीत एकत्र छापले, आणि त्याशेजारी मजुरांचे बुडालेले दिवस व शेतकऱ्यांनी स्वतः सोसलेले नुकसान यांचे अंदाज मांडले, तर हवामानाने राज्याच्या उत्पन्नातून किती ओरबाडून नेले, हे विधिमंडळाला प्रथमच कळेल. यांतील सारेच नुकसान कर्बवायूचे नसेल. त्यातील त्याचा वाटा निराळा काढणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे आणि ते करणारी संस्था पाषाणला आहे. परंतु मुळात बेरीजच नसेल, तर वाटा कशातून काढायचा?

गाडगीळांच्या संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तेव्हा गणनयंत्रे नव्हती. घरोघर जाऊन विचारणारी माणसे होती. आजही अर्थशास्त्राच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांना एका गावाचे, एका पेठेचे किंवा एका मजूर अड्ड्याचे असे नुकसान मोजण्याचे काम देता येईल. किती दिवस काम बुडाले, किती कर्ज चढले, विहीर किती फूट खोल गेली, मुलीची शाळा कधी सुटली, हे प्रश्न अवघड नाहीत; मोठ्या अहवालांतील डॉलरचे आकडे अखेर अशाच उत्तरांच्या पायावर उभे राहावयाचे असतात.

देशाचे उत्पन्न वाढते आहे, यात शंका नाही. ते वाढलेही पाहिजे. पण ज्या वाढीचा खर्च बिगाऱ्याच्या बुडालेल्या रोजातून आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या कर्जातून भागविला जातो, तिला निव्वळ वाढ म्हणता येणार नाही. कर्बवायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. त्याचे देणेही तसेच अदृश्य राहिले आहे. वायू अदृश्य आहे हा निसर्गाचा नियम झाला. देणे अदृश्य ठेवायचे की वहीत लिहायचे, हे मात्र माणसांनी ठरवायचे असते.